कोळशाचा कप्पा

(हे पत्र तेव्हा पाठवले नाही.)

दिघा, ठाणे-बेलापूर रोड
रविवार, दिनांक ४ नोव्हेंबर १९७९
दुपारचे ३ वाजून २० मिनिटे

ती. गोजराताईस,
हिरामणचा साष्टांग नमस्कार.

आत्ताच बारा डुकरांची वजने पूर्ण केली आणि दोनदा साबण लावून हात धुतले. तरी कागद बोटांच्या टोकांनीच धरला आहे. ताई, दीड वर्ष मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. रावसाहेबांचा फार्म म्हणजे म्हशींचा गोठा नाही. येथे पांढरी विलायती डुकरे पाळतात. कारखान्यांच्या कँटीनमधले उरलेले अन्न हातगाडीने आणून त्यांना घालणे, फरशी धुणे आणि वजनाची वही ठेवणे हे माझे काम आहे. डुकरे स्वभावाने वाईट नसतात. पोटाखाली खाजवले की आडवी होतात. पण हे घरात कळले तर कमळाकरदादा मला ओटीवर चढू देणार नाही, वहिनी माझ्या हातचे पाणी ओतून देईल, आणि तूसुद्धा

(येथे थांबलो. असे लिहून चालणार नाही. हा कागद वहीत ठेवला. हि.)


दिघा
रविवार, दिनांक ४ नोव्हेंबर १९७९
दुपारचे ४ वाजून ५ मिनिटे

ती. गोजराताईस,
हिरामणचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आत्ताच बारा जनावरांची वजने पूर्ण केली आणि हात धुऊन पत्र लिहायला बसलो आहे. माझी प्रकृती ठीक आहे. तुझी कळवावी.

एक महत्त्वाची गोष्ट लिहायची आहे. आमच्याकडे दर गुरुवारी गुरांचे डॉक्टर स्कूटरवरून येतात. त्यांचे नाव श्यामसुंदर. वयाने लहान आहेत, पण वाचन पुष्कळ. त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचले की वाढत्या जनावराच्या खाद्यात लाकडी किंवा तुसाच्या कोळशाची पूड मिसळली तर हगवण कमी होते, खाल्लेले अंगी लागते आणि गोठ्याचा वास कमी होतो. रावसाहेब म्हणाले, "कोळसा फुकट पडतो, करून बघू." म्हणून आजपासून सहा जनावरांना कोळसा, सहांना साधे खाद्य. शंभर किलो खाद्याला एक किलो पूड. दोन कप्पे समोरासमोर आहेत. दर रविवारी काटा. चार महिने, म्हणजे २ मार्चपर्यंत. पूड करणे, मोजणे, वही लिहिणे सर्व माझ्याकडे.

कोळशाचा कप्पा पुढे गेला तर रावसाहेब बँकेला वही दाखवून शेड वाढवणार आहेत. मला सुपरवायझर करणार आणि ऑफिसमागची विटांची खोली देणार. मी ती मोजून आलो. नऊ फूट बाय अकरा फूट, एक खिडकी, नळ दारापासून चौदा पावलांवर. सध्या मी खाद्याच्या पोत्यांशेजारी झोपतो, तेथे तुला आणता येत नाही. खोली मिळाली की तुला आणायचे. तू पडवीत राहून वहिनीचे ऐकत राहावेस हे मला बरोबर वाटत नाही. आई गेल्यावर मला तूच वाढवलेस. अक्षर काढायलाही तूच शिकवलेस.

येथे बोलायला कोणी नाही. काल दिवसभरात मी माणसांशी किती शब्द बोललो ते मोजले. अकरा झाले. त्यातले चार "हो" होते.

वजनाचे आकडे ऑफिसचे असल्यामुळे लिहीत नाही.

तुझा,
हिरामण


खारवडी, ता. म्हसळा, जि. कुलाबा
१६-११-७९

चि. हिरामण यास गोजराताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू पत्रावर मिनिटं कशाला घालतोस रे? पोस्टमन विचारत होता, तुमचा भाऊ स्टेशनमास्तर आहे काय. मी म्हटलं, नाही बाबा, म्हशींचा मास्तर आहे.

म्हशीला कोळसा! दूध काळं नाही ना येणार? हसू नकोस, पण हसूच. आपण इथे तूस जाळून दात घासतो, तसंच ना ते? मग चांगलंच असेल. पण म्हशी दूध किती देतात ते लिहिलं नाहीस. आणि "आकडे लिहीत नाही" म्हणतोस? लहानपणी तू भाकरीवरचे डाग मोजून मग खायचास. तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण ऑफिसचं नाव पुढे करू नकोस.

नऊ बाय अकरा म्हणजे आपल्या पडवीपेक्षा मोठीच. मी वहिनीला सांगूनही टाकलं, मुंबईकडे जाईन, रोज घरचं दूध असेल. ती म्हणाली, "जा बाई, पडवीत पेंढा ठेवता येईल." बघ, माझ्या जागी पेंढा. दोघांची सोय होईल.

बालवाडी बरी चालली आहे. बावीस मुलं येतात, त्यातली चार नाक पुसायला येतात. मानधन पंचेचाळीस रुपये, उशिरा का होईना मिळतं. तेवढ्यावर वहिनीपुढे मान वर करून जेवता येतं. तब्येत ठणठणीत. संध्याकाळी पोटात गुबारा धरतो तेवढाच. ओवा खाऊन कंटाळले. महिन्यातून एकदा माणगावला जाते आणि शक्तीच्या गोळ्या आणते, सकाळी एक, रात्री एक. माझी काळजी करू नकोस.

अकरा शब्द कमी आहेत. कोणाशी तरी भांडण काढ, वाढतील.

तुझी ताई,
गोजरा


दिघा
रविवार, दिनांक २५ नोव्हेंबर १९७९
दुपारचे २ वाजून ४५ मिनिटे

ती. गोजराताईस,
साष्टांग नमस्कार.

तूस चाळून ठेवले आणि पत्राला बसलो. तुझे पत्र चार वेळा वाचले.

तुझ्या पोटाबद्दल मी गुरुवारी डॉक्टरांना विचारले. ते स्कूटरला किक मारत होते. "माणसाच्या गुबाऱ्याला चालते का?" म्हटले. ते म्हणाले, "चालतं की, पूर्वीपासून घेतात माणसं." म्हणून तुझ्यासाठी वेगळी पूड केली. नवा डबा विकत घेतला. तो फार्मच्या आत नेलेलाच नाही. भातगिरणीतून ताजे तूस आणले, पिंपात झाकण लावून धुमसत ठेवले, म्हणजे राख होत नाही, कोळसा होतो. वरून पाणी मारले, दोन दिवस वाळवले, कुटून मलमलच्या कापडातून गाळले. आपल्या गावचा नामा कळव्याच्या कारखान्यात आहे, तो शनिवारी गावी जाणार आहे. डबा मी त्याला कळव्याला जाऊन देईन. त्याने येथे येण्याची गरज नाही.

घ्यायची रीत नीट वाच. एक सपाट चमचा, शीग नको, पाण्यात कालवून, सकाळी आणि रात्री, जेवणानंतर लगेच. शक्तीची गोळी त्याच वेळी घेत जा, म्हणजे दोन्हींपैकी एक विसरायला होणार नाही.

ठाण्याला गेलो होतो. तेथे तुझ्यासाठी स्टीलचे ताट घेतले. माझे एक आहेच. दुकानदाराने त्यावर "गोजरा" असे नाव आणि तारीख ठिपक्यांनी घालून दिली. नावाचे पैसे वेगळे घेतले नाहीत. ताट मी पोत्यांवर कागदात गुंडाळून ठेवले आहे. वापरलेले नाही.

येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. नेहमीच राहते. उभे असलेले लोकही बसत नाहीत.

तुझा,
हिरामण


खारवडी
१४-१२-७९

चि. हिरामण यास अनेक आशीर्वाद.

डबा मिळाला. नामा म्हणतो, "हिरामण फार्मवर येऊ देत नाही, तिथे सोनं पुरलंय का?" मी म्हटलं, म्हशी लाजतात.

पूड मात्र गुणाची आहे. तू सांगितलंस तशीच घेते. सकाळ-रात्र, जेवण झाल्यावर, गोळी आणि पूड एकदम, वर पाणी. आठव्या दिवशी गुबारा गेला. वहिनी म्हणते, "ताईंची जीभ काळी झाली, आता तरी खरं बोलतील." मी जीभ काढून दाखवली. घरात बऱ्याच दिवसांनी सगळे हसले.

परवा बालवाडीत जराशी चक्कर आली. भिंतीला टेकून बसले. मुलांना वाटलं बाईंचा नवा खेळ आहे, तीही टेकून बसली. थंडीचं असेल.

बसमध्ये शेजारी कोणी बसत नाही म्हणतोस. तूच खिडकीकडे तोंड करून बसत असशील, मला ठाऊक आहे. लग्नकार्यातसुद्धा तू खांबामागे जेवायचास. माणसांकडे बघावं, मग ती बसतात.

ताटावर नाव घातलंस. माझ्या लग्नातल्या भांड्यांवर सासरचं नाव होतं, ती तिकडेच राहिली. माझं एकटीचं नाव कशावर नव्हतं.

तुझी ताई,
गोजरा


दिघा
रविवार, दिनांक ३० डिसेंबर १९७९
दुपारचे ३ वाजता

ती. गोजराताईस,
साष्टांग नमस्कार.

काटा झाला. ताई, ऑफिसचा नियम मोडून एकच आकडा लिहितो. कोळशाच्या कप्प्यातले जनावर साध्यापेक्षा सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमने पुढे आहे. मी तीनदा बेरीज केली. हगवणही त्या कप्प्यात नाही. रावसाहेबांनी वही डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "खोलीला चुना मारून घे." अजून नऊ काटे राहिले आहेत, म्हणून मी चुना आणलेला नाही.

फार्मला लागून शेवंताबाईची चाळ आहे. त्यांच्या शेतावरच हे कारखाने उभे राहिले, आता त्या खोल्या भाड्याने देतात. वासावरून त्या रोज कुंपणाशी येऊन मला बोलतात. परवा आल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काय रं पोरा, तुजी जनावरा मेली का काय? आज वास कमती हाय."

मी म्हणालो, "कोळसा घालतो."

"मंग आंदी का नाय घातलास? दोन वरीस आमी पदर नाकाला लावून बसलू."

त्या गेल्यावर मी मोजले. सात शब्दांचे उत्तर त्यांनी ऐकून घेतले असते, मी दोनच दिले.

येत्या गुरुवारी डॉक्टर सर्व जनावरांना जंतांचे औषध देणार आहेत. खाद्यातून द्यायचे आहे. त्यानंतर वाढ आणखी होते म्हणतात. तुझी चक्कर कशी आहे? पूड संपत आली असेल तर कळव, मी नवी करून ठेवली आहे.

तुझा,
हिरामण


दिघा
रविवार, दिनांक २० जानेवारी १९८०
दुपारचे ३ वाजून ३५ मिनिटे

ती. गोजराताईस,
साष्टांग नमस्कार.

खाद्याचे पिंप झाकून बसलो आहे. तुझे शेवटचे पत्र १४ डिसेंबरचे. सदतीस दिवस झाले. पोस्टात दोनदा विचारले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आलेलं पत्र आम्ही खातो का?" नामाही त्यानंतर गावी गेलेला नाही.

येथे बरोबर चाललेले नाही. औषध ३ तारखेला दोन्ही कप्प्यांना सारखेच मोजून दिले. साध्या कप्प्यातले जंत पडले. कोळशाच्या कप्प्यात अजून तसेच आहेत आणि जनावरे वाळत चालली आहेत. मी मापे पुन्हा तपासली. माझी चूक सापडत नाही. डॉक्टर परगावी आहेत, ३१ ला येतील.

पत्र नको, नुसते एक कार्ड टाक.

तुझा,
हिरामण


दिघा
गुरुवार, दिनांक ३१ जानेवारी १९८०
सायंकाळचे ५ वाजून ५० मिनिटे

ती. गोजराताईस,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांची स्कूटर फाटकाबाहेर जाताच हे लिहायला घेतले. हात धुतले आहेत.

आज त्यांनी कोळशाचा कप्पा पाहिला आणि मला विचारले, "औषध कशातून दिलंस?" मी म्हणालो, "रोजच्या खाद्यातून." "कोळसा घातलेल्या?" मी हो म्हणालो. ते पिंपावर बसले आणि म्हणाले, "चूक माझीच. मी सांगायला हवं होतं." मग समजावले. कोळसा पोटातले नको ते जसे धरून ठेवतो तसाच औषधही धरतो आणि मागल्या वाटेने बाहेर नेतो. अंगात काही उतरत नाही. जंतांचे औषध घातले, कोळशाने ते खाल्ले, डुकराला मिळालेच नाही. विषबाधा झालेल्या माणसालाही याच कारणाने कोळसा देतात. औषध आणि कोळसा यांत पुष्कळ तासांचे अंतर लागते. निदान तीन-चार तास, आणि रोजचे औषध असेल तर कोळसा नकोच.

ताई, वर "डुकराला" असे लिहिले आहे ते पाहिलेस. मी खोडलेले नाही. येथे म्हशी नाहीत. कधीच नव्हत्या. सोबत ४ नोव्हेंबरचा एक कागद ठेवला आहे, तो त्याच दिवशी लिहून मी वहीत ठेवला होता. तो आधी वाच. शेवंताबाई "जनावरा" म्हणाल्या नव्हत्या, "डुकरा" म्हणाल्या होत्या. बसमधली जागा का रिकामी राहते तेही आता तुला कळेल. नामाला मी याच कारणाने येऊ दिले नाही. तुला पाठवलेला डबा मात्र खरोखर नवाच होता.

मी हे आज लिहितो, कारण कोळशाविषयी मला कोठून कळले ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येत नव्हते. तुला मी शक्तीची गोळी आणि पूड एकदम घ्यायला लिहिले होते. तसे घेऊ नकोस. गोळीची शक्ती फुकट जात असेल. दोन महिन्यांचे तुझे गोळ्यांचे पैसे वाया गेले, त्याची मला शरम वाटते. शक्तीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत तरी फारसे बिघडत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. मिळाल्याबरोबर पूड बंद कर.

डुकरांमुळे तुला येथे यायचे नसेल तर तसे लिही. मी समजेन.

तुझा,
हिरामण


खारवडी
१२-२-८०

हिरामण,

डाव्या हाताने लिहिते आहे. चार दिवस लागले. अक्षर बघून हसू नकोस.

गोळ्या शक्तीच्या नव्हत्या. फेफऱ्याच्या आहेत. लग्नानंतर पाचव्या महिन्यात सासरी पहिलं फेफरं आलं. त्यांनी आणून सोडलं. तू सात वर्षांचा होतास. तुला सांगितलं, सासरी पटलं नाही म्हणून परत आले. गावालाही तेच सांगितलं. घरात दादा आणि वहिनी, एवढ्यांनाच ठाऊक. गोळी चुकली नाही म्हणून अकरा वर्षांत एकदाही आलं नाही. कळलं असतं तर बालवाडी कोणी दिली असती?

डिसेंबरात चक्कर नव्हती. तेच होतं. मग दोनदा रात्री आलं. माणगावच्या डॉक्टरनी गोळ्या दुप्पट केल्या. मी नेमाने घेतल्या. वर पूड. मला वाटलं, गोळ्यांचा गुणच संपला आता.

आठ जानेवारीला बालवाडीत चुलीवर मुलांची लापशी ढवळत होते. शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला. मुलांना काही झालं नाही. ती सगळी भिंतीला टेकून बसली होती, खेळ समजून. बालवाडी दुसरीला दिली. शेजारीण आता कडेचं मूल माझ्या हातात देत नाही. वहिनी चुलीशी बसू देत नाही. माझ्या भल्यासाठीच म्हणते. मी पडवीत असते.

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. त्याच रात्रीपासून पूड बंद. आज आठ दिवस. एकदाही आलं नाही. म्हणजे तेच होतं.

तुझ्यावर राग आहे का विचारशील. आहे. कोळशाचा नाही. डुकरं आहेत म्हणून मी आले नसते असं तुला वाटलं, त्याचा आहे. आणि मला फेफरं येतं म्हणून तू मला नेणार नाहीस असं मला वाटलं, म्हणून माझ्यावरही आहे.

आता धावत येऊ नकोस. काटा चुकवू नकोस. खोली मिळाली की ये. मी पेंढ्यासारखी पडून आहे, उठून येईन. ताट काढून ठेव.

पुन्हा लपवायचं नाही, एवढंच. डुकरांचे आकडे लिही. सगळे.

गोजरा


दिघा
रविवार, दिनांक २ मार्च १९८०
दुपारचे ४ वाजून १० मिनिटे

ती. गोजराताईस,
साष्टांग नमस्कार.

शेवटचा काटा झाला, वहीवर रावसाहेबांची सही घेतली, हात धुतले आणि लिहायला बसलो आहे.

तुझे पत्र १८ फेब्रुवारीला मिळाले. मी बाहेर जाऊन साध्या कप्प्याच्या भिंतीवर बसलो. किती वेळ ते पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मनीऑर्डर केली. कुपनावर जागा थोडी होती म्हणून "काटा चुकवणार नाही" एवढेच लिहिले. ते पोचले असेल. डाव्या हाताच्या अक्षराला मी हसलो नाही. ते तुझ्या उजव्या हाताच्या अक्षरासारखेच डावीकडे झुकते.

तू सगळे आकडे मागितलेस. ४ नोव्हेंबरला कोळशाचा कप्पा सरासरी तेरा किलो चारशे, साधा तेरा किलो सहाशे. ३० डिसेंबरला कोळसा पस्तीस किलो आठशे, साधा तेहतीस किलो शंभर. ३ जानेवारीला जंतांचे औषध. २७ जानेवारीला दोन्ही कप्पे जवळजवळ बरोबर. ३ फेब्रुवारीला कोळसा बंद करून औषध पुन्हा दिले, तेव्हा जंत पडले. आज कोळसा चोपन्न किलो नऊशे, साधा पंचावन्न किलो तीनशे. म्हणजे कोळशाचा कप्पा चारशे ग्रॅमने मागे राहिला.

आज सकाळी रावसाहेबांनी मला ऑफिसात बोलावले. खोलीची किल्ली टेबलावर होती. ते म्हणाले, "हिरामण, उद्या बँकेचा माणूस येतोय. जानेवारी-फेब्रुवारीची पानं नव्याने लिही. औषध पाण्यातून दिलं असं घाल, आणि वजनं डिसेंबरच्या चालीने पुढे ओढ. डॉक्टर म्हणतोच आहे की औषधाचा घोळ नसता तर कोळसाच पुढे होता. मग खोटं काय त्यात?"

मी म्हणालो, "नसता तर."

"अरे, बहिणीला आणायचंय ना तुला? मग घे की किल्ली!"

ताई, मी किल्लीकडे पाहत होतो. तू पडवीत आहेस हे मला माहीत आहे. चुलीशी बसू देत नाहीत हे माहीत आहे. तुला न विचारता मी जे केले ते आता सांगतो. मी म्हणालो की वही वाचून उद्या दुसरा कोणी माणूस आपल्या जनावरांना औषध आणि कोळसा एकदम घालील. पानावर तसे लिहिलेले नसेल तर त्याला कळणार कसे? रावसाहेब म्हणाले, "डुकरंच आहेत ती." मी म्हणालो, "माणसेही घेतात." मग त्यांना तुझ्या हाताविषयी सांगितले. घराबाहेरच्या माणसाला मी पहिल्यांदाच सांगितले. त्यांनी वही पुढे ओढून शेवटचे पान उघडले. शेवटी म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस पदरी घेऊन धंदा कसा करायचा सांग बरं?" पण सही केली. किल्ली मात्र खणात टाकली.

मी शेवटच्या पानावर असे लिहिले: "औषध कोळशाच्या खाद्यातून दिल्यामुळे लागू पडले नाही. ही चूक वही ठेवणाऱ्याची व सांगणाऱ्याची दोघांची. कोळशाने वजन वाढते किंवा नाही हे या खेपेस ठरवता येत नाही. वास व हगवण कमी होते, हे नक्की."

नवी खेप येत्या रविवारी, ९ मार्चला सुरू होईल. पुन्हा बारा पिले, दोन कप्पे. यावेळी औषधाच्या आदल्या दिवसापासून कोळसा बंद ठेवायचा आहे आणि ते वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले आहे. शेवटचा काटा ६ जुलैला. तोपर्यंत त्या खोलीत खाद्याची पोती राहतील. तुला आणखी चार महिने पडवीत राहावे लागेल, ते माझ्यामुळे. तू नको म्हणालीस तर मी काय करावे ते मला समजत नाही. पण पाने बदलली असती तर तुला ताट वाढताना मी खाली पाहिले असते.

आज शेवंताबाई कुंपणाशी आल्या. मी त्यांच्याकडे पाहिले, तू सांगितलेस तसे. त्या म्हणाल्या, "बहीन येनार व्हती ना तुजी?" मी सांगितले, जुलैत. त्या म्हणाल्या, "मंग तवर यकटाच भाकर गिलतोस का?" आज एकूण शब्द मोजले नाहीत.

गोळी चुकवू नकोस. सोबत हिशोब ठेवला आहे. मागे काही लपवलेले राहू नये म्हणून.

तुझा,
हिरामण

२ मार्च १९८० पर्यंतचा हिशोब

खर्च
नवा डबा व मलमलचे कापड: रु. ६.७५
स्टीलचे ताट एक, नाव घालून (अजून वापरलेले नाही): रु. ९.५०
मनीऑर्डर, ताईस मलमासाठी: रु. ४०.००
मनीऑर्डरचे कमिशन: रु. २.००
पत्रे व पाकिटे: रु. १.६०
एकूण खर्च: रु. ५९.८५

देणे
रावसाहेबांकडून उचल: रु. ६०.००
गोजराताईस, बालवाडीचे बुडालेले मानधन, फेब्रुवारी ते जुलै, सहा महिने, दरमहा ४५ प्रमाणे: रु. २७०.००
गोजराताईस, उजव्या हाताचे:
एकूण देणे: रु. ३३०.०० (मोकळी ओळ धरलेली नाही.)